उतार

सीताबर्डीच्या फुटपाथवर रविवारी साठ रुपयांत घेतला
ग्रीक शब्दांचा कोश. कणा तुटलेला,
आणि सुरुवातीची शंभरेक पानं वाळवीनं
माझ्या आधी वाचून काढलेली.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. मेडिकलचा दुसरा माळा.
चार तास कुमुदच्या हातातून रक्त बाहेर जातं,
एका नळकांड्यातून फिरतं, परत येतं.
मी मोबाईल पाहिला की ती चिडते,
पुस्तक उघडलं की चिडत नाही. म्हणून कोश.

आज एका शब्दापाशी अडकलो. पोरोस.
पहिला अर्थ : नदी पायी ओलांडता येईल अशी जागा.

म्हणजे उतार, मी मोठ्यानं म्हणालो.
"कोणाचा ताप?" कुमुदनं डोळे न उघडता विचारलं.

कन्हानला होता एक, मामाच्या गावापाशी.
वरून सगळं पाणी सारखंच दिसायचं.
मामा धोतर खोचून पुढे, काठीनं तळाला विचारत,
मी त्याच्या टाचांच्या गढूळात पाय ठेवत.
उतार दिसत नाही, पायांना कळतो,
आणि दर पुरानंतर तो
जागा बदलून बसलेला असतो.

दुसरा अर्थ, समुद्रातली वाट. तो सोडून दिला.
आम्हाला अंबाझरी पुरतो.

तिसरा : एखादी गोष्ट जमवण्याची सोय.
अनेकवचनात, उत्पन्न.
इथं जरा थांबलो.
योजनेचं कार्ड, त्याच्या नऊ झेरॉक्स,
पतसंस्थेतले धकाते, ज्यांनी सही केली आणि वर चहा पाजला,
कुमुदच्या पाटल्या, ज्यांबद्दल आम्ही बोलत नाही.
त्या लोकांना हे सगळं
एकाच शब्दात भरता यायचं, नदीसकट.

त्याचा नकारही असणार.
वाट नाही, सोय नाही, उपाय नाही,
असा एखादा, पुढे 'अ' लावलेला.
मागे उलटत गेलो.
'अ'ची पानं वाळवीनं खाल्लेली.

तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो :
खालील उतारा वाचा व प्रश्नांची उत्तरे लिहा.
एकाही पोट्ट्यानं विचारलं नाही, याला उतारा का म्हणतात.
विंचवावर देतात तोही उतारा,
दहीभात ओवाळून तिठ्यावर ठेवतात तोही,
तलाठ्याला चार चकरा मारून आणतात तोही.
मलाही सुचलं नव्हतं.

शेवटचा अर्थ बारीक टायपात : कातडीवरचं छिद्र.
प्रज्वल मेश्राम मशीनचे आकडे उतरवून घेत होता.
त्याला दाखवला.
"तेच तं आहे ह्याच्यात, सर,"
नळकांड्यावर टिचकी मारून तो म्हणाला,
"केसाएवढ्या हजारो नळ्या, अन् त्याहिले भोकं.
घाण जाते, रक्त राहते.
भोक मोठं झालं तं माणूसच वाहून जाईन नं."

घरी आलो तेव्हा सेहेचाळीस. ऑटोचं रेक्झिन चटका देत होतं.
कुमुदला आता घाम येत नाही,
नुसती खाज येते, रात्रभर.
दिवसाचं पाऊण लिटर पाणी
मी तांब्यात मोजून ठेवतो.

ती सरळ माठापाशी गेली.
इतवारीतून तिनंच निवडलेला, बोटानं वाजवून, हुंगून.
रंगवलेले, नक्षीचे तिनं हातातही धरले नव्हते.
"रंगानं तोंडं बुजतात त्याची," म्हणाली होती,
"मग आतलं पाणी आतच तापतं."

ओल्या माठाला तिनं दोन्ही तळवे लावले.
मग गाल लावला, सुई टोचलेल्या हाताची पट्टी सांभाळत.
"प्यायचं नाही म्हणाले डॉक्टर.
टेकायचं नाही, असं कोण म्हणालं?"

कोश उघडला. त्या शब्दाच्या कडेला
पेन्सिलीनं लिहिलं : माठ.
मग खोडलं. अक्षर उमटून राहिलं.
मग तांब्यात पाहिलं,
संध्याकाळपर्यंतचं
अजून चार बोटं बाकी होतं.